नांगर तुटला म्हणजे नेमकं काय तुटलं?

तौक्ते वादळ रत्नागिरी ओलांडून वर सरकलं त्याला दोन दिवस झाले होते. वाडीत लाईट नव्हती. अंगणात आंब्याच्या फांद्यांचा ढीग पडलेला, आणि शेजारच्या काकी आमच्या गाडीत बसून, चार्जरवर लावलेल्या मोबाईलवर बातम्या ऐकत होत्या. त्यांचा मुलगा मुंबई हायला, म्हणजे भर समुद्रातल्या तेलक्षेत्रावर असतो. त्याचं जहाज वादळाआधीच बंदरात आलं होतं, त्याचा फोनही येऊन गेला होता, तरी काकींचा कान बातम्यांवरून हलेना. मला बघून म्हणाल्या, "अरे, नांगर तुटून बार्ज वाहून गेलं म्हणतायत. एवढं मणामणाचं लोखंड, तुटतं कसं रे?"

मी एकवीस वर्षं पुरवठा जहाजांवर काढली. शेवटची नऊ बोसन म्हणून, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सारंग, खलाशांचा म्होरक्या. नांगर हे माझंच खातं. पण त्या दिवशी काकींना मी धड सांगू शकलो नाही. एक शब्द समजावायला गेलो की त्याच्या पोटातून आणखी चार शब्द निघायचे. आता सावकाश सांगतो. आपली एवढी पोरं त्या दर्यावर काम करतात, तर घरच्यांना हे शब्द ठाऊक असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

लोकांना वाटतं जहाजाचं काम म्हणजे चालणं. ऑफशोअरला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर भर समुद्रात, त्याहून अवघड काम असतं थांबण्याचं. खाली पाणी हलतंय, वर वारा ढकलतोय आणि जहाजाला एका जागी उभं राहायचंय. तिथल्या निम्म्याअधिक शब्दांचा जन्म या एका अडचणीतून झालाय.

सुरुवात नांगरापासूनच करू. मराठीत शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर यांना एकच शब्द आहे, आणि तो अगदी बरोबर बसतो. शेतात फाळ जमिनीत रुततो कारण बैल त्याला आडवा ओढतात. मागून रुमणं दाबायच्या ऐवजी कोणी नांगर वर उचलला तर फाळ मातीतून बाहेर येतो. जहाजाच्या नांगराचंही तेच. ओढ तळाशी समांतर असली की त्याच्या नख्या चिखलात आणखी खोल जातात, आणि वरच्या दिशेनं हिसका बसला की उपटतात. जहाज तर वर, पाण्यावर असतं. मग ओढ आडवी राहणार कशी?

ते काम साखळीचं. नांगर टाकल्यावर जेवढी खोली असेल त्याच्या कितीतरी पट साखळी सोडतात. तिचा बराचसा भाग तळावर आडवा पडून राहतो आणि उरलेला भाग झोपाळ्याच्या दोरासारखा खाली झुकत झुकत जहाजापर्यंत येतो. वाऱ्याचा झोत आला की आधी हा झोल सरळ व्हायला लागतो, पडलेली साखळी एकेक कडी करत उचलली जाते आणि तेवढ्यात झोत ओसरतो. हिसका नांगरापर्यंत पोचतच नाही. म्हणून जुने लोक म्हणायचे की जहाजाला नांगर धरत नाही, साखळी धरते. वादळाची चाहूल लागली की आणखी साखळी सोडायची, हे पहिलं काम.

ही साखळी मोजतात शॅकलमध्ये. एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याच्या मागे माणसाचे दोन हात आहेत. आमच्याकडे कोळी अजून दोर मोजताना दोन्ही हात पसरून छातीवरून ओढतात, एक वाव, दोन वाव, तीन वाव. इंग्रजांचा फॅदम म्हणजे तीच गोष्ट, पसरलेल्या हातांचं अंतर, सहा फूट. असे पंधरा वाव झाले की एक शॅकल. मिरकरवाड्यात एखाद्या म्हाताऱ्याला दोर मोजताना बघितलं की मला तेलवाहू जहाजाची साखळी दिसते. माप एकच, वजन तेवढं वेगळं.

साखळी बाहेर जाताना डेकवर कोणी पट्टी घेऊन उभं राहत नाही. प्रत्येक शॅकलच्या सांध्यावर एक जोडकडी असते, ती लाल रंगवतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्या पांढऱ्या. पहिल्या सांध्याला दोन्हीकडे एकेक पांढरी कडी, दुसऱ्याला दोन दोन, तिसऱ्याला तीन तीन. विंडलासचा, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राचा ब्रेक सुटला की गंजाचा आणि वाळलेल्या चिखलाचा लाल धुरळा उडतो, खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या धुरळ्यात तुम्ही पांढऱ्या कड्या मोजायच्या. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, कॅप्टन विचारतो, किती? तुम्ही सांगता, पाच शॅकल पाण्यात. चुकायची मुभा नाही.

आणि नांगर टाकून झाल्यावर बोसन एक गोष्ट करतो, ती कुठल्या पुस्तकी वर्णनात फारशी नसते. तो साखळीवर हात ठेवतो, कधी बुटाचा तळवा. नांगर नीट बसला असेल तर साखळी ताणते, सैलावते, पुन्हा ताणते, पण शांत असते. तळावरून नांगर सरकत असेल तर थरथर कड्यांमधून वर येते, खडबडीत रस्त्यावरून लोखंडी पेटी ओढत न्यावी तशी. याला ड्रॅग होणं म्हणतात. जीपीएसचा भोंगा नंतर वाजतो, हाताला आधी कळतं.

नांगरावरचं जहाज खुंटीला बांधलेल्या गुरासारखं असतं. जागा सोडत नाही, पण भोवती फिरतं. भाट्याच्या खाडीत उभ्या असलेल्या होड्या बघा. भरती चढत असेल तर सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, ओहोटी लागली की हळूहळू सगळ्या फिरून तोंडं खाडीच्या आत, काजळी नदीकडे. येणाऱ्या पाण्याला तोंड देणं हा त्यांचा स्वभाव. या फेऱ्याला जेवढी जागा लागते तिला स्विंगिंग सर्कल म्हणतात, आणि दोन जहाजांची वर्तुळं एकमेकांत आली की भांडण ठरलेलं. तळ कसला आहे हेही तेवढंच महत्त्वाचं. चिकट चिखल नांगराला घट्ट धरतो, वाळू बऱ्यापैकी, आणि खडकावर नांगर नुसता घसरतो किंवा फटीत असा अडकतो की साखळी कापून सोडावी लागते.

नांगर हरला की काय होतं याचं चित्र रत्नागिरीकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी इथे मिऱ्याला बसरा स्टार नावाचं जहाज वाऱ्यानं आणि लाटांनी ढकलत ढकलत थेट किनाऱ्याच्या दगडी बंधाऱ्यापाशी आणून टाकलं. खलाशी वाचले, जहाज अडकलं ते अडकलं. पुढे कित्येक पावसाळे ते तिथेच होतं आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मला त्याच्याकडे बघवत नसे. किनारा जहाजाचा आधार असतो असं जमिनीवरच्या माणसाला वाटतं. वादळात जहाजाला किनाऱ्याची सगळ्यात जास्त भीती असते. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर कॅप्टन खोल समुद्रात पळतो, तो याच कारणासाठी.

धक्क्याला लागल्यावर नांगराची जागा दोर घेतात. पुढे जाणारे हेडलाईन, मागचे स्टर्नलाईन, आडवे ते ब्रेस्ट आणि जहाजाच्या कडेनं तिरपे, उलट्या दिशेनं गेलेले ते स्प्रिंग. स्प्रिंग जहाजाला पुढेमागे घसरू देत नाहीत. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, म्हणजे जहाज सहा तासांत एक मजला वर किंवा खाली जातं. दोर कोणी सैल-घट्ट केले नाहीत तर एकतर जहाज लोंबकळेल नाहीतर दोर तुटतील. नायलॉनचा दोर तुटायच्या आधी बारीक होतो, कुरकुरतो, आणि मग बंदुकीसारखा आवाज. मी नवा असताना एका बंदरात असा दोर सुटला. त्याच्या सपाट्यात येणाऱ्या पट्ट्याला स्नॅपबॅक झोन म्हणतात हे मला तेव्हा माहीतही नव्हतं, मी बरोब्बर त्यात उभा होतो. आमच्या सारंगानं कॉलर धरून मागे खेचलं. दोराचं टोक ज्या लोखंडी पाइपावर आदळलं तो वाकला.

हा झाला किनारा. आता मुंबई हायकडे जाऊ.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला समुद्राचा तळ थोडा उंचावलेला आहे. पाणी तिथे पाऊणशे मीटरच्या आसपास. १९७४ साली सागर सम्राट नावाच्या रिगनं, म्हणजे समुद्रात विहीर खणणाऱ्या तरंगत्या यंत्रणेनं, तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. सागर सम्राट होतं जॅक-अप रिग. हा शब्द गाडीच्या जॅकवरून समजून घ्या. पाण्यावर तरंगणारा मोठा तराफा, त्याला उंच जाळीदार पाय. टगनं, म्हणजे ओढून नेणाऱ्या ताकदवान बोटीनं, ओढत नेताना पाय आकाशात वर उचललेले असतात. जागेवर पोचलं की पाय खाली सोडतात, ते तळाला टेकतात, आणि मग तराफाच स्वतःला पायांवर उचलत पाण्याच्या बाहेर चढतो. तराफ्याचं पोट आणि पाणी यांच्यात जी मोकळी जागा सोडतात ती एअर गॅप. सर्वांत मोठी लाट त्याखालून निघून जायला हवी. म्हणजे नांगराचा प्रश्नच मिटवला, जहाजानं पाय काढून थेट जमिनीवर उभं राहायचं.

विहीर लागली, तेल मिळालं की रिग तिथून निघून दुसरीकडे जातं आणि त्या जागी कायमचा प्लॅटफॉर्म येतो. त्याच्या पाण्यातल्या पोलादी सांगाड्याला जॅकेट म्हणतात. काकींना मी म्हटलं होतं, "पोरगा जॅकेटपाशी काम करतो," तर त्यांना वाटलं लाईफ जॅकेट! हे जॅकेट म्हणजे खांबांची चौकट. तिच्या पोकळ पायांतून लांबच लांब पाईल, म्हणजे पोलादी खांब, तळात ठोकतात, कपड्याच्या बाहीत हात घालावा तसे. तळापासून वर येणारी तेल-वायूची नळी म्हणजे रायझर. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिथून निघालेलं तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाईनमधून उरणला येतो.

प्लॅटफॉर्म ठोकलेला आहे, तो हलणार नाही. पण त्याला पाणी, डिझेल, पाइप, भाजीपाला आणून देणारं जहाज हलतं. मी ज्या जहाजांवर होतो ती ही पुरवठा जहाजं. बूड प्लॅटफॉर्मकडे करून तीस-चाळीस मीटरवर तासन् तास उभं राहायचं आणि वरच्या क्रेननं माल उचलायचा. क्रेनवाल्याला हाक अजून तीच जुनी: उचलायला "हबेस", खाली सोडायला "आरिया". आरिया पोर्तुगीजांकडून आला, शेकडो वर्षांपूर्वी, आणि खलाशांच्या तोंडात अजून जिवंत आहे. इतक्या जवळ नांगर टाकता येत नाही, कारण खाली सगळीकडे पाइपलाईनचं जाळं. मग उभं कसं राहायचं?

इथे डीपी येतं, म्हणजे डायनॅमिक पोझिशनिंग. पाण्यावरचं जहाज सहा प्रकारे हलतं. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, बाजूला कलंडतं, नाक वर-खाली करतं, आणि तोंड फिरवतं. यातल्या वर-खाली, कलंडणं आणि नाक हलवणं यांना कोणी थांबवू शकत नाही, ते लाटेच्या हातात. उरलेल्या तीन हालचाली डीपीचा संगणक धरून ठेवतो. जीपीएस, दिशा सांगणारा जायरो, वाऱ्याचा मापक, शिवाय प्लॅटफॉर्मवर किरण टाकून अंतर मोजणारं यंत्र या सगळ्यांकडून तो क्षणाक्षणाला विचारून घेतो की आपण कुठे आहोत. मग थ्रस्टरना हुकूम देतो. थ्रस्टर म्हणजे छोटे पंखे. काही नाकातल्या आडव्या बोगद्यात बसवलेले, काही असे की गोल फिरून कुठल्याही दिशेला ढकलतात, त्यांना अझिमथ म्हणतात. भर प्रवाहात पोहून एका जागी राहणारा माणूस हातपाय कसे सतत हलवतो, तसं हे जहाज न चालता सतत चालत असतं.

मग प्रश्न येतो, यातलं काही बंद पडलं तर? त्यावरून डीपीचे तीन वर्ग आहेत. १९९४ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर ते ठरलेले आहेत. डीपी वनमध्ये एक बिघाड झाला तर जहाज जागा सोडू शकतं. डीपी टूमध्ये एखादा जनरेटर किंवा थ्रस्टर गेला तरी दुसरा भार घेतो. डीपी थ्रीमध्ये एक अख्खा कप्पा आगीत किंवा पाण्यात गेला तरी जागा सुटायला नको, अशी बांधणी असते. ज्या जहाजाखाली पाणबुडा काम करतोय ते निदान डीपी टू असलं पाहिजे, यावर मी कधी तडजोड करणार नाही. पाणबुड्याचा श्वास जहाजातून गेलेल्या नळीवर असतो.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी जुना नियम सुटत नाही: उभं राहायचं ते आडोशाच्या बाजूला. प्लॅटफॉर्मच्या ज्या बाजूनं वारा आणि प्रवाह येतो तिथे जहाज लावलं आणि इंजिन बंद पडलं, तर ते वाहत थेट प्लॅटफॉर्मवर जाणार. पलीकडच्या बाजूला लावलं तर वाहत दूर जाईल, इंजिन सुरू करायला वेळ मिळेल. हा फरक काय असतो ते २७ जुलै २००५ ला दिसलं. पावसाळा ऐन भरात होता. समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या जखमी माणसाला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ गेलं, थ्रस्टरचा त्रास होता, लाटेनं उचललं आणि जहाजाच्या हेलिडेकचा, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या फळीचा, फटका रायझरला बसला. वायू सुटला, पेटला, आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ जण गेले. नळीला संरक्षण किती होतं, क्रेन कुठल्या बाजूची चालू होती, यावर पुष्कळ बोललं गेलं. पण माझ्यासारख्या डेकवरच्या माणसाला त्यातून एक गोष्ट कायमची चिकटली: वारा कुठून येतोय हे विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं जे सुरक्षा क्षेत्र असतं त्यावरून मच्छीमार आणि कंपन्या यांच्यात नेहमी कुरबुर होते. मासळी पोलादी पायांभोवती जमते हे खरं, आणि रोजी-रोटीचा माणूस तिकडे ओढला जातो हेही मला समजतं. पण त्या वर्तुळात टाकलेला एक छोटा नांगरही पाइपलाईनवर अडकू शकतो, आणि रात्री बिनदिव्याची होडी आमच्या थ्रस्टरजवळ आली तर आम्हाला दिसतसुद्धा नाही. माझ्या गावच्या तांडेलांना मी हे हात जोडून सांगत आलोय.

आता काकींचा प्रश्न. बार्ज म्हणजे सपाट बुडाचं, बहुधा स्वतःचं इंजिन नसलेलं तरंगतं आवार. प्लॅटफॉर्मची दुरुस्ती चालते तेव्हा शेकडो कामगार अशा बार्जवर राहतात. ते नेतो टग, आणि जागेवर धरतात चारी दिशांना टाकलेले साधारण आठ नांगर. इथे साखळीऐवजी बहुतेक पोलादी वायर असते, एकेक सहज हजार मीटरची. नांगरही बार्ज स्वतः टाकत नाही. अँकर हँडलिंग टग एकेक नांगर पाठीवर घेऊन दूर जातो, तळावर ठेवतो, आणि त्याच्या खुणेचा बोया पाण्यावर सोडतो. उचलतानाही तसंच, एकेक करून, बोया पकडून. चांगल्या हवेत याला कित्येक तास लागतात. खवळलेल्या समुद्रात ते करणं जवळजवळ अशक्य.

मांडवाला आठ तणावे असतात तसं समजा. वाऱ्यानं एक तुटला तर त्याचा भार सातांवर जातो, आणि तोही सारखा नाही, शेजारच्या दोघांवर जास्त. मग त्यांतला एक. मग पुढचा लवकर. म्हणजे "नांगर तुटला" म्हणतात तेव्हा तळातलं ते कित्येक टनांचं लोखंड बहुधा जसंच्या तसं असतं. तुटते वायर, किंवा ती सुटते विंचवर, म्हणजे ती गुंडाळणाऱ्या यंत्रावर, किंवा ओढ तिरकी लागून नांगर चिखलातून उपटतो. १७ मे २०२१ ला पापा ३०५ बार्ज असंच जागेवरून सुटलं. त्यावर २६१ माणसं होती. वाहत जाऊन ते एका प्लॅटफॉर्मवर आदळलं, फुटलं आणि संध्याकाळी बुडालं. नौदलाच्या आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी रात्रभर लाटांमधून माणसं वर काढली. तरी ते बार्ज आणि वरप्रदा हा टग मिळून ८६ जण गेले.

काकींना हे सगळं मी सहा महिन्यांनी, त्यांच्या ओटीवर बसून, मांडवाच्या दोऱ्या जमिनीवर काढून सांगितलं. त्या मधे काही बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वादळाची बातमी आली त्याच दिवशी नांगर उचलायला घ्यायचे." हो काकी. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढायची वाट बघायची नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याला बार्जवर काम लागलं. निघायच्या आदल्या रात्री तो बॅग भरत होता, आणि काकी त्याला विचारत होत्या: तुमच्या बार्जला स्वतःचं इंजिन आहे का? नसेल तर टग कोणता, जवळ उभा असतो की लांब? आणि सगळे नांगर उचलायला किती तास लागतात? त्याला त्यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. पोचल्यावर विचारून सांगतो म्हणाला, आणि चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं: चौदा तास.